तायडे भाऊंची चालती मशीन

दर शनिवारी सकाळी आमच्या डोक्यावर कोणीतरी चालायचं. आधी गुरगुर व्हायची, मग जागच्या जागी पाय आपटल्यासारखा आवाज, आणि मग एकेक पाऊल. धप्प. जरा थांबून पुन्हा धप्प. घरी आलेलं माणूस आधी छताकडे पाहायचं आणि मग माझ्याकडे. मी म्हणायची, "काही नाही, आमच्या भाडेकरूंची कपडे धुवायची मशीन अकोल्याला निघाली आहे. तुम्ही चहा घ्या."

ते भाडेकरू म्हणजे तायडे भाऊ. अमरावतीत राजापेठेच्या एका गल्लीत आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघं. यांचं फुलांचं दुकान आणि माझ्या नववी-दहावीच्या मराठीच्या शिकवण्या. वरच्या दोन खोल्यांत भाऊ. एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी अकोल्याला एका खासगी शाळेत गणित शिकवायच्या आणि तिथल्या स्वतःच्या घरात राहायच्या. खासगी शाळेत बदली नसते, म्हणून बदली मिळायची तर ती भाऊंनाच. दर उन्हाळ्यात ते अर्ज करायचे, दर उन्हाळ्यात यादी लागायची, आणि त्या यादीत भाऊ सोडून सगळा जिल्हा असायचा. शनिवारी दुपारी बडनेऱ्याहून गाडी धरायची, सोमवारी सकाळी परत यायचं, असा त्यांचा संसार चालला होता. मूलबाळ नव्हतं. या माणसाला आयुष्यात हवं तरी काय होतं, तर दोन्ही वेळचं जेवण एका घरात, सुनंदासोबत. याहून मोठं काही त्यांनी मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि ते आज नाही तर उद्या मिळणारच, या भरवशावर भाऊ आमच्या घरात राहत होते. राहत होते म्हणजे उतरले होते. वरच्या खोल्यांच्या भिंतींना त्यांनी एक खिळा ठोकला नव्हता. कॅलेंडर खुर्चीवर पडलेलं असायचं. आरसा खिडकीच्या गजांना टेकवलेला, त्यामुळे दाढी करताना भाऊंना अर्धं तोंड स्वतःचं दिसायचं आणि अर्धी गल्ली. तथागतांची तसबीर स्टुलावर, भिंतीला टेकून. रोज सकाळी तिच्यासमोर मेणबत्ती लावून ते वंदना म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, निदान ही तरी तसबीर टांगा." तर म्हणाले, "टांगतो ना वहिनी. अकोल्याले गेलो का पयले तेच काम." टीव्हीचा खोका, पंख्याचा खोका, मिक्सरचा खोका, सगळे पलंगाखाली जपून ठेवलेले. गच्चीत गोडनिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, झाड होतं, तेही तेलाच्या पिंपात, आणि पिंपाला उचलायला तारेची कडी. तूरडाळ पाव किलोच्या वर कधी आणली नाही. खुर्चीवरसुद्धा माणूस कडेला बसायचा, एसटी लागली की उठायला बरं.

"हे सगयं टेम्परवारी आहे, वहिनी." हे त्यांचं पालुपद. घर टेम्परवारी, साहेब टेम्परवारी, वाढलेलं ब्लडप्रेशरसुद्धा टेम्परवारी. ते एवढ्या समाधानानं हे सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला काही तरी कळलेलं आहे. कळलेलं काही नव्हतं. नुसती वाट पाहणं होतं.

मशीन आली ती वहिनींच्या हट्टानं. त्याआधी भाऊ आठवड्याचे कपडे पिशवीत भरून अकोल्याला न्यायचे आणि वहिनींचा रविवार त्यात जायचा. एका सोमवारी भाऊ परत आले ते तीच पिशवी घेऊन, कपडे तसेच. "काय झालं?" म्हणून मी विचारलं. "काय होईन? म्हनते, मी तुमची बायको आहे का लाँड्री?" त्याच आठवड्यात टेम्पोतून मशीन उतरली.

दुकानाचा माणूस ती बसवायला आला तेव्हा मी चहा घेऊन वर गेले होते. मशीन मोरीत लावली होती. तो तिच्या मागे वाकला आणि म्हणाला, "साहेब, इथं चार बोल्ट आहेत. वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हनून कंपनीतूनच लावून येतात. हे काढून देतो."

"राहू द्या," भाऊ म्हणाले.

"राहू कशे द्या? काढले नाही त मशीन नाचन साऱ्या घरात."

"अहो, दोन महिन्यात माही ऑर्डर निघून राहिली. पुन्हा हे अकोल्याले न्या लागन. तवा कोन लावत बसन?"

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ चहाच्या कपाकडे पाहत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद, की ऑर्डर कपातच आहे. तो बिचारा नळी जोडून निघून गेला आणि जिन्यावर मला म्हणाला, "ताई, छत मजबूत आहे ना तुमचं?"

दोन महिने गेले, दोन उन्हाळे गेले, पुढचेही गेले. बोल्ट जागेवरच. आतला ड्रम झोका घ्यायला बनवलेला, त्याला बांधून ठेवलं तर तो सगळी मशीनच हलवणार, एवढं तर मलाही कळत होतं. भाऊंना कळत नव्हतं असं नाही. पण बोल्ट सोडून बाकी सगळे उपाय त्यांनी केले. खाली पोत्याच्या घड्या घातल्या. मग रबराची चटई. मग चारी बाजूंनी विटा. त्या पहिल्याच शनिवारी मशीननं लाथाडल्या. शेवटी ते स्वतःच तिच्यावर बसायला लागले, वर्तमानपत्र घेऊन. मी खालून ओरडायची, "भाऊ, किती वेळ?" आणि वरून थरथरत्या आवाजात उत्तर यायचं, "झा-झा-झालंच व-वहिनी." माझ्या शिकवणीची मुलं वह्यांत तोंड घालून हसायची.

एक गोष्ट मात्र कोणालाच उलगडली नाही. मोरीच्या फरशीचा उतार पूर्वेला, पाणी तिकडे जायचं. मशीन चढावर, पश्चिमेला जायची. दाराकडे. "पानी उतारानं जाते अन् हे बाई चढावानं कशी चालते?" असं म्हणत यांनी दोनदा वर जाऊन पाहिलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "अकोला पश्चिमेलेच आहे, मालक."

ती किती चालणार हे वायरवर होतं. वायर संपली की प्लग आपोआप निघायचा आणि ती होती तिथं उभी राहायची. एका शनिवारी भाऊ मोरीत कॉलर घासत बसले असताना ती दारापर्यंत पोचली आणि दाराला पाठ लावून थांबली. दार आत उघडणारं. पोटात पाणी आणि भिजलेल्या चादरी, ओल्या फरशीवर भाऊंचे पाय सरकत होते, आणि मुळात भाऊंमध्ये जोर तो किती. मोरीच्या झरोक्यातून आवाज आला, "वहिनी, मालक दुकानातून आले का जरा वर पाठवा. घाई नाई." हे आले, शेजारचे एक आले, बाहेरून खांदा लावून दार ढकललं. भाऊ बाहेर आले ते साबणाच्या हातांनी, आणि पहिला प्रश्न, "पोस्टमन येऊन गेला का?" त्यांच्या साहेबांनी म्हणे यादी आज निघणार असं सांगितलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत वहिनी इकडे यायच्या. बुटक्या, ठसठशीत, चालणं भराभर. आल्या की आधी भाऊंच्या खोक्यांवरची धूळ पुसायच्या आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावायच्या. त्या दिवसांतल्या शनिवारी मशीनचा आवाज वेगळाच असायचा. दोघं दोन बाजूंनी तिला धरून उभे राहायचे. मी एकदा हार द्यायला वर गेले तर दोघांचेही हात मशीनवर, दोघांचेही गाल थरथरताहेत, आणि वहिनींना हसू आवरेना. "पाहा व ताई, मास्तरीन अन् बाबू, जोडीनं नाचून राहिले." भाऊंचं हसणं बिनआवाजी होतं, नुसते खांदे हलायचे. मशीनवर त्यांचे हात एकमेकांच्या हातांना लागलेले होते. मी हार दारातच ठेवून खाली आले.

मग वहिनी आजारी पडल्या. दुखणं मोठं होतं. आम्ही सगळे ते ओळखून होतो आणि कोणीच त्याचं नाव घेत नव्हतं. भाऊंची रजा संपत आलेली, अमरावतीचा दवाखाना घरापासून जवळ, म्हणून वहिनींनाच इकडे आणायचं ठरलं. शाळेतल्या मुलांच्या परीक्षा अर्ध्यावर टाकून त्या आल्या, एका बॅगेनिशी. आणि अशा रीतीनं भाऊंना जे हवं होतं ते मिळालं. दोन्ही वेळचं जेवण एका घरात. देणाऱ्यानं द्यावं तर असं, की घेणाऱ्याला हात पुढे करायची भीती वाटावी.

तेव्हापासून वरचा प्रत्येक आवाज मी ओळखायला लागले. वहिनींच्या पायात निळ्या रबरी चपला असायच्या. पलंगापासून मोरीपर्यंत, चट, फरफट, चट, फरफट. उजवा पाय त्या ओढत चालायच्या. त्या आवाजावरून मला कळायचं, आज बरं आहे की नाही. हार ओवता ओवता माझा हात थांबायचा आणि मी पावलं ऐकत राहायची.

मशीन सुरू झाली की वहिनींना त्रास व्हायचा. पलंगाला हादरे बसायचे. एकदा मी पेज घेऊन वर गेले असताना त्या म्हणाल्या, "अहो, ते बोल्ट काढा न आता. डोक्यात घन बसल्यासारखे होते."

"मी हातानं धुतो," भाऊ म्हणाले. "आजपासून मशीन लावतच नाई."

"रोजच्या दोन दोन चादरी हातानं धुवान? काढले त काय होईन?"

"मंग अकोल्याले नेताना पुन्हा लावा लागतीन ना."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या गणिताच्या बाई होत्या. उत्तर काय येणार हे त्यांना केव्हाच कळलं होतं. बोल्ट काढायचे म्हणजे सुनंदा आता अकोल्याला परत जाणार नाही, हे कबूल करायचं. भाऊंना तेवढंच जमत नव्हतं. मशीन बांधलेली आहे, खोके तयार आहेत, तोवर जाणं शिल्लक आहे, असा त्यांचा हिशेब. मला त्या माणसाचा राग आला, आणि पेजेची वाटी मी त्याच्याच हातात दिली.

भाऊ खरंच हातानं धुवायला लागले. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर. मोरीचं दार उघडं असायचं. वहिनींना पलंगावरून त्यांची वाकलेली पाठ दिसायची आणि त्यांच्या शेजारी ती पांढरी मशीन, नुसती उभी. साबणानं भाऊंची बोटं उलली. त्याच बोटांनी ते वहिनींना संत्री सोलून द्यायचे. वरूडच्या एका सहकाऱ्यानं पेटी दिली होती. तेवढंच त्यांना जात होतं. फोडीवरचा पांढरा दोरा न दोरा काढून मगच ते फोड हातात द्यायचे.

एका दुपारी वहिनींनी जमिनीवर काठी आपटली. मी वर गेले. भाऊ ऑफिसात होते. वहिनी पलंगावरून खाली पाय सोडून बसल्या होत्या, केस विंचरलेले.

"ताई, मालकाचा पाना आहे का घरी?"

"कशाला?"

"आना त खरं."

मी आयुष्यात पाना धरलेला नव्हता. वहिनी स्टूल घेऊन मोरीच्या दारात बसल्या आणि मला सांगत गेल्या, शाळेतल्या मुलीला फळ्यापुढे उभं करून सांगावं तसं. "डाव्या अंगानं फिरवा. जोर नका लावू, दम धरा." तीन बोल्ट निघाले. चौथा मोरीच्या ओलीनं गंजून बसला होता. तो हलेना तेव्हा वहिनी उठल्या, भिंत धरून माझ्यापर्यंत आल्या आणि पान्यावरच्या माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला. हाताला वजन नव्हतं. पण बोल्ट फिरला. का फिरला ते मला सांगता येणार नाही.

त्यांनी चारही बोल्ट हातरुमालात बांधून माझ्याजवळ दिले. म्हणाल्या, "आमच्या यायले देऊ नका. मी गेल्यावर हे पुन्हा लावतीन अन् बसतीन निघायची वाट पाहत. साऱ्या जिंदगीत एक जागी ढुंगन टेकून बसले नाई. जिथी आहेत तिथी राहू द्या त्यायले."

"आणि बदली झाली तर?"

"त मंग द्या. तवा लागतातच ते. पन तिथी पोचल्यावर पयले काढा म्हना. सुनंदानं सांगतलं म्हना."

मी रुमाल माझ्या सुया-दोऱ्याच्या डब्यात ठेवला. वहिनींनी चादरी मशीनमध्ये घालायला लावल्या आणि बटण स्वतः दाबलं.

संध्याकाळी भाऊ आले तेव्हा मी ओट्यावर शेवंती ओवत होते. ते नेहमीसारखे जिन्याच्या दोन पायऱ्या चढले आणि थांबले. वरून पंखा फिरावा तसा बारीक आवाज येत होता. बस, एवढाच.

"वहिनी, वर काय चालू आहे?"

"मशीन," मी म्हटलं.

भाऊंनी कठडा धरला. ते तिथे इतका वेळ उभे राहिले की मी सुई खाली ठेवली. मग हळूहळू वर गेले. बोलण्याचा, रागावण्याचा, रडण्याचा कसलाच आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं ताटं वाजली. दोन.

वहिनी पावसाळ्याच्या आधीच गेल्या. अकोल्याला अंत्यविधी झाला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंही जाऊन आलो. पांढऱ्या साड्या नेसलेल्या शाळेच्या बाया, रांगेत उभ्या असलेल्या मुली. ते घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वहिनींनी ते भिंतीभिंतीनं भरून टाकलं होतं. घड्याळ, कॅलेंडर, शाळेचे फोटो, लग्नातला फोटो, मीठमसाल्याची फळी. भाऊ त्या घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला बसले होते.

अमरावतीला परत आल्यावर भाऊ एक दिवस खाली आले आणि यांना म्हणाले, "मालक, हातोडी आहे का? एक खिया ठोका लागते. चालन न?"

हे नुसते मान हलवत राहिले. हातोडी मीच आणून दिली. कितीतरी वर्षांत त्या माणसानं आमच्या भिंतीला बोट लावलं नव्हतं. वरून ठोके येत राहिले. सवय नव्हती, चुकायचा, थांबायचा, पुन्हा ठोकायचा. मग आवाज बंद झाला. मी मोगऱ्याचा हार करून वर नेला. वहिनींचा फोटो भिंतीवर जरा तिरपा लागला होता. मी तो सरळ केला नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी शिकवणी घेत होते. मुलं निबंध लिहीत होती. आणि डोक्यावर आवाज आला. चट, फरफट. चट, फरफट. पलंगापासून मोरीपर्यंत. मुलं खाली मान घालून लिहीत होती. त्यांना काय माहीत. मी जिना चढले. माझे पाय मला वर नेत होते एवढंच. दार उघडं होतं. भाऊ मोरीकडून पलंगाकडे येत होते, पायात वहिनींच्या निळ्या चपला. टाचा अर्ध्या बाहेर. उजवा पाय ओढत.

मला पाहून ते थांबले. पायांकडे पाहिलं.

"नव्या होत्या वहिनी," ते म्हणाले. "वाया कायले घालवा?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. खाली येऊन मी एका मुलाचा निबंध तपासायला घेतला आणि एक ओळ वाचता आली नाही.

मशीन आता निमूटपणे कपडे धुवायची. मला वाटायचं, भाऊंना तेवढं तरी बरं पडत असेल. एक दिवस त्यांनी ओट्यावर येऊन विचारलं, "वहिनी, सुनंदानं तुमच्याजोळ काई ठेवलं का?"

मी खोटं बोलले नाही. "ठेवलंय. पण तुम्ही अकोल्याला जायला निघाल त्या दिवशी द्यायचं, असं बजावून गेल्या आहेत."

भाऊंनी मान डोलावली. "बरं," म्हणाले. मग जिन्यावरून मागे वळून म्हणाले, "लय चूप झालं वर, वहिनी."

त्या वेळी मला वाटलं, माणूस आपलं दुःख सांगतोय. ते मशीनबद्दलही बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात ऑर्डर आली. भाऊंनी त्या वर्षी अर्ज केलाच नव्हता. प्रशासकीय कारणास्तव बदली, अकोला. एवढी वर्षं कारण देऊन मागितली तेव्हा मिळाली नाही, आणि कारण संपल्यावर आपण होऊन चालत आली. भाऊंनी कागद मला दाखवला. मी काय बोलावं याची ते वाट पाहत आहेत असं वाटलं. मी म्हटलं, "पेढे द्या." ते खांदे हलवून हसले, आणि हसता हसता खांदे हलतच राहिले.

खोके एकदाचे कामाला आले. टीव्ही त्याच्या खोक्यात, पंखा त्याच्या खोक्यात. गोडनिंबाचं पिंप तारेच्या कडीनं उचललं. वहिनींचा फोटो त्यांनी चादरीत गुंडाळून स्वतःजवळ घेतला. "भिंतीत खिया राहिला तुमच्या. काढून भोक बुजवून देऊ का?" म्हणाले. मी म्हटलं, असू द्या.

टेम्पोत मशीन चढवण्याआधी मी रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी गाठ सोडली, बोल्ट पाहिले, गंजलेला वेगळा काढून अंगठ्यानं पुसला. ओट्यावर बसून एकेक लावला. घाई केली नाही. कंपनीतून आल्यापासून पहिल्यांदा त्या बोल्टांना त्यांचं खरं काम मिळत होतं. मी वहिनींचा निरोप सांगितला. "पोचल्यावर पहिले हे काढायचे. सुनंदानं सांगितलंय."

"काढतो," भाऊ म्हणाले. "तिनं सांगतलं त काढाच लागतीन."

ड्रायव्हरशेजारी जागा होती, तरी ते मागे बसले, मशीनला टेकून. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांचा एक हात मशीनवर दिसत होता.

वर आता दुसरे भाडेकरू आहेत. भली माणसं आहेत, भिंतभर फ्रेमा लावल्या आहेत. त्या एका खिळ्यावर त्यांनी किल्ल्या अडकवल्या. शनिवारी सकाळी मात्र माझी मान अजून वर जाते.

यंदा एका लग्नासाठी अकोल्याला गेले होते. शनिवार होता, मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून भाऊंकडे गेले. फाटकाशी पोचले आणि पाय थबकले. आतून धप्प असा आवाज आला. मग जरा थांबून पुन्हा धप्प.

भाऊ वाळले होते, पण हसले तसेच. "जयभीम वहिनी, या, या." बैठकीत बसवलं, चहा स्वतः करून आणला. भिंतीवर वहिनींचा फोटो होता, सरळ लावलेला. तथागतांची तसबीर टांगलेली. इथे सगळं जागच्या जागी होतं. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागून आवाज येत होता. पडद्याखालून आतल्या फरशीवर एक लांब वायर दिसली, मागे स्वयंपाकघराकडे गेलेली. अमरावतीला होती त्याच्या दुप्पट तरी असेल.

"भाऊ," मी म्हटलं, "काढायचे सांगितले होते ना तिनं?"

"काढले वहिनी. खोटं नाई सांगत. आलो त्याच दिवशी काढले, तिचं नाव घेऊन." त्यांनी कपात पाहिलं. "मंग घरात काहीच वाजे ना. एवढं मोठं घर, सगया तिच्या वस्तू, अन् कोनी इकडून तिकडं जाऊन नाई राहिलं. चार रोज पाह्यलं. पुन्हा लावले."

मी पडद्याकडे पाहिलं.

"टेम्परवारी आहे," ते म्हणाले.

आवाज जवळ येत होता. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत, मधल्या खोलीतून दाराकडे. एक पाऊल, मग थांबणं, मग एक पाऊल. मी कप खाली ठेवला. भाऊ खुर्चीत नीट मागे टेकून बसले होते, त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुढे पसरलेले पाय ओढून घेतले, वाटेतलं स्टूल बाजूला केलं आणि केसांवरून हात फिरवला. पडदा आतून फुगला. मग कुठेतरी प्लग निघाला आणि सगळं शांत झालं. पडदा तेवढा हलत राहिला.

"आली," भाऊ मला हळूच म्हणाले, आणि कप ठेवून उठले.